एक किल्ली, अनेक नावे : संकेतस्थळांच्या सुरक्षा-प्रमाणपत्रांचा इतिहास

बँकेचा, विद्यापीठाचा किंवा वृत्तपत्राचा इंटरनेटवरील कारभार आज सहसा एकाच नावावर चालत नाही. मुख्य संकेतस्थळाला एक डोमेन, ईमेलला दुसरे, ग्राहकांच्या किंवा विद्यार्थ्यांच्या खात्यांसाठी तिसरे, आणि कोणा तोतयाने बळकावू नयेत म्हणून आधीच घेऊन ठेवलेली आणखी काही, असा नावांचा गोतावळा प्रत्येक संस्थेपाशी असतो. यांतील प्रत्येक नावाला सुरक्षा-प्रमाणपत्र लागते आणि ते घेताना तीन पर्याय समोर येतात : प्रत्येक नावाला स्वतंत्र असे एकनामी प्रमाणपत्र, एका डोमेनच्या सर्व उपडोमेनांना सामावून घेणारे तारांकित, म्हणजेच व्यवहारात ज्याला वाइल्डकार्ड म्हणतात ते प्रमाणपत्र, आणि परस्परांशी संबंध नसलेली नावेही एका यादीत घेणारे बहुनामी, म्हणजे मल्टी-डोमेन किंवा सॅन प्रमाणपत्र. विक्रेत्यांच्या दरपत्रकात हे तिन्ही प्रकार शेजारी शेजारी मांडलेले असल्याने निवड किमतीची वाटते. परंतु ते एकाच वेळी किंवा एकाच विचारातून जन्मलेले नाहीत. त्यांच्या प्रसारामागे त्या त्या काळातील एकेक टंचाई होती, कधी पत्त्यांची, कधी पैशांची, तर कधी मनुष्यबळाची. टंचाई सरली तरी तिच्यावर काढलेली तोड टिकून राहिली, आणि एकाच गुप्त किल्लीवर किती नावांची भिस्त ठेवायची, हा त्या तोडीत दडलेला प्रश्न पुढे हळूहळू उघड होत गेला.

प्रमाणपत्राची कल्पना संकेतस्थळांहून बरीच जुनी आहे. १९७६ मध्ये व्हिटफील्ड डिफी आणि मार्टिन हेलमन यांनी सार्वजनिक किल्लीच्या कूटलेखनाची मांडणी केली. या पद्धतीत प्रत्येकाजवळ किल्ल्यांची जोडी असते. त्यांपैकी सार्वजनिक किल्ली कोणालाही देता येते, तर खासगी किल्ली मालकाने स्वतःजवळच जपून ठेवायची असते. मात्र समोर आलेली सार्वजनिक किल्ली ज्याची म्हणून सांगितली जाते त्याचीच आहे, हे ओळखायचे कसे, ही नवी अडचण त्यातून उभी राहिली. डिफी आणि हेलमन यांनी त्यासाठी सर्वांना पाहता येईल अशी किल्ल्यांची नोंदवही कल्पिली होती, परंतु प्रत्येक संवादापूर्वी तिच्याकडे धाव घ्यावी लागली असती तर सारा व्यवहार तिथेच अडून पडला असता. १९७८ मध्ये मॅसॅच्युसेट्स इन्स्टिट्यूट ऑफ टेक्नॉलॉजी येथील लोरेन कोनफेल्डर या विद्यार्थ्याने आपल्या पदवी-प्रबंधात यावर उपाय सुचवला : नाव आणि किल्ली एकत्र नोंदवून त्याखाली विश्वासार्ह संस्थेने अंकीय स्वाक्षरी करावी, आणि तो दाखला किल्लीच्या मालकाने स्वतःच हव्या त्या वेळी सादर करावा. आजच्या प्रत्येक प्रमाणपत्राचा गाभा हाच आहे. १९८८ मध्ये दूरसंचाराच्या आंतरराष्ट्रीय मानकांत एक्स.५०९ या नावाने या दाखल्याचा नमुना निश्चित झाला.

हा नमुना एक्स.५०० नावाच्या जागतिक नामसूचीसाठी घडवला गेला होता, ही गोष्ट पुढच्या घडामोडींच्या दृष्टीने महत्त्वाची ठरली. त्या सूचीत देश, त्याखाली संस्था, संस्थेखाली विभाग आणि शेवटी व्यक्ती किंवा यंत्र, अशी उतरंड होती, आणि शेवटच्या पायरीवरील नोंदीला ‘कॉमन नेम’ असे म्हटले जाई. ही जागतिक सूची योजल्याप्रमाणे कधी अस्तित्वात आली नाही, पण तिच्यासाठी बनवलेला दाखला मात्र शिल्लक राहिला. नेटस्केप कंपनीने १९९५ मध्ये आपल्या ब्राउझरबरोबर एसएसएल ही प्रणाली लोकांपुढे आणली, तेव्हा तिने हाच तयार नमुना उचलला. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील संभाषण कूटबद्ध करणे आणि सर्व्हरची ओळख पटवणे ही एसएसएलची दोन कामे. १९९९ पासून तिच्या सुधारित रूपाला टीएलएस असे नाव मिळाले. संकेतस्थळाच्या नावासाठी दाखल्यात वेगळा रकाना नसल्याने ते ‘कॉमन नेम’च्या रकान्यात लिहिण्याचा प्रघात पडला, आणि ओघानेच एक प्रमाणपत्र म्हणजे एक नाव हे समीकरण रूढ झाले. प्रमाणपत्रांवर स्वाक्षरी करणाऱ्या संस्थांचा, म्हणजे प्रमाणन संस्थांचा, व्यवसायही याच सुमारास उभा राहिला. आरएसए डेटा सिक्युरिटी या कंपनीतून वेगळी निघालेली व्हेरिसाइन आणि दक्षिण आफ्रिकेत मार्क शटलवर्थ यांनी स्थापन केलेली थॉट या दोन्ही संस्था १९९५ च्या. १९९९ च्या डिसेंबरात व्हेरिसाइनने सुमारे ५७ कोटी ५० लाख डॉलर मोजून थॉट विकत घेण्याचा करार केला, यावरून या व्यवसायात चार वर्षांत किती पैसा आला होता याची कल्पना येते.

एका प्रमाणपत्राला एक नाव ही मर्यादा प्रथम जाचली ती होस्टिंगच्या व्यवसायात. सुरुवातीला प्रत्येक संकेतस्थळाला स्वतंत्र आयपी पत्ता, म्हणजे यंत्रांनी एकमेकांना शोधण्यासाठी वापरायचा अंकी पत्ता, दिला जाई. ब्राउझर आणि सर्व्हर यांच्यातील मागणी-उत्तराचे नियम ठरवणाऱ्या एचटीटीपीच्या, १९९७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या १.१ या आवृत्तीत ब्राउझरने आपल्याला कोणत्या नावाचे संकेतस्थळ हवे आहे ते मागणीबरोबरच कळवावे, असे बंधन आले, आणि त्यामुळे एकाच यंत्रावर व एकाच पत्त्यावर शेकडो संकेतस्थळे ठेवणे सोपे झाले. सुरक्षित संकेतस्थळांना मात्र या सोयीचा लाभ घेता येईना. एसएसएलच्या क्रमानुसार सर्व्हरने आधी प्रमाणपत्र दाखवायचे, मग कूटबद्ध मार्ग तयार व्हायचा, आणि त्यानंतरच ब्राउझरने आपली मागणी सांगायची. त्यामुळे एका पत्त्यावर दहा नावे नांदत असली, तर त्यांपैकी कोणाचे प्रमाणपत्र दाखवायचे हे सर्व्हरला कळायलाच मार्ग नव्हता. परिणामी प्रत्येक सुरक्षित नावाला स्वतंत्र पत्ता घ्यावा लागे, आणि चौथ्या आवृत्तीच्या आयपी पत्त्यांची एकूण संख्या सुमारे ४२९ कोटींपलीकडे जाऊ शकत नसल्याने ही उधळपट्टी फार काळ परवडणारी नव्हती.

या कोंडीतून बाहेर पडण्याचा पहिला मार्ग तारांकित प्रमाणपत्राचा होता. २००० च्या मे महिन्यात एरिक रेस्कोर्ला यांनी लिहिलेल्या आरएफसी २८१८ या दस्तऐवजात (इंटरनेटच्या तांत्रिक संकेतांची नोंद ‘आरएफसी’ नावाच्या क्रमांकित दस्तऐवजांत होते) प्रमाणपत्रातील नाव आणि ब्राउझरने मागितलेले नाव यांची तुलना कशी करायची याचे नियम मांडले गेले, आणि नावाच्या एका भागाच्या जागी तारका चालेल, असे त्यात म्हटले होते. ‘*.अमुक.कॉम’ असे लिहिलेले प्रमाणपत्र ‘मेल.अमुक.कॉम’ आणि ‘खाते.अमुक.कॉम’ या दोन्ही नावांना चालते. परंतु तारका एकाच पायरीपुरती असल्याने ‘पुणे.मेल.अमुक.कॉम’ या नावाला ते चालत नाही, आणि ज्याच्या आधी काहीच नाही अशा ‘अमुक.कॉम’ या मूळ नावालाही लागू पडत नाही. तारका किती वर सरकू द्यायची यालाही पुढे सीमा आखाव्या लागल्या. सर्वांच्या नोंदणीसाठी खुल्या असलेल्या ‘.कॉम’ किंवा ‘.को.इन’ यांसारख्या प्रत्ययांना थेट तारका लावून दिली, तर त्याखालील प्रत्येक परक्या नावाचे सोंग घेता आले असते. म्हणून अर्जदाराचा संपूर्ण नामक्षेत्रावर हक्क असल्याचे सिद्ध झाल्याशिवाय असे प्रमाणपत्र देण्यास मनाई करण्यात आली.

दुसरा मार्ग मानकात आधीपासून होता, पण बराच काळ पडीक राहिला होता. १९९६ च्या सुमारास स्थिरावलेल्या एक्स.५०९ च्या तिसऱ्या आवृत्तीत दाखल्याला जोडरकाने देण्याची सोय झाली आणि त्यांतील एक रकाना ‘पर्यायी नावां’चा होता, इंग्रजी नावाच्या आद्याक्षरांवरून त्याला सॅन म्हणतात. या रकान्यात कितीही नावे लिहिता येत, ती एका डोमेनची असण्याची गरज नव्हती, आणि आरएफसी २८१८ ने तर ‘कॉमन नेम’ऐवजी हाच रकाना प्रमाण मानण्याची शिफारस केली होती. तरीही अशा बहुनामी प्रमाणपत्रांना मोठी बाजारपेठ मिळाली ती २००७ च्या आसपास, मायक्रोसॉफ्टच्या एक्सचेंज सर्व्हरच्या नव्या आवृत्तीमुळे. कार्यालयीन ईमेलच्या या प्रणालीला बाहेरून ईमेल वाचण्यासाठी एक, ग्राहक-यंत्रांनी स्वतःची मांडणी आपोआप शोधण्यासाठी दुसरे, आणि कार्यालयाच्या अंतर्गत जाळ्यासाठी तिसरे, अशी अनेक नावे एकाच सेवेवर लागत. प्रमाणन संस्थांनी ‘यूसीसी’ या नावाने नेमके हेच प्रमाणपत्र विकायला काढले. त्यांत ‘.लोकल’सारखी केवळ कार्यालयाच्या चार भिंतींत अर्थ असलेली नावेही सर्रास घातली जात. अशा नावावर जगात कोणाचाच एकट्याचा हक्क नसल्याने दोन भिन्न संस्थांना एकाच नावाचे प्रमाणपत्र मिळू शकत होते, आणि हा धोका ध्यानात आल्यावर २०१५ च्या नोव्हेंबरनंतर मुदत संपणारी अशी प्रमाणपत्रे देणे थांबवण्याचा आणि उरलीसुरली २०१६ च्या ऑक्टोबरपर्यंत रद्द करण्याचा नियम झाला.

असे नियम करणारी संस्था म्हणजे प्रमाणन संस्था आणि ब्राउझर बनवणाऱ्या कंपन्या यांनी २००५ मध्ये स्थापन केलेला सीए/ब्राउझर फोरम. २००७ मध्ये या मंडळाने ‘विस्तारित पडताळणी’च्या प्रमाणपत्रांची नियमावली काढली. केवळ डोमेनवरील ताबा तपासून दिलेले, संस्थेची कागदपत्रे तपासून दिलेले, आणि तिचे कायदेशीर अस्तित्व कसोशीने तपासून दिलेले, अशा पडताळणीच्या तीन पायऱ्या त्यामुळे ठरल्या. तिसऱ्या पायरीच्या प्रमाणपत्रात अनेक नावे चालत, परंतु तारका चालत नसे, कारण पुढे निर्माण होणाऱ्या अज्ञात नावांची हमी आगाऊ देणे कसोशीच्या पडताळणीच्या तत्त्वातच बसत नव्हते. या प्रमाणपत्राबरोबर ब्राउझरच्या पत्त्याच्या पट्टीत हिरव्या रंगात झळकणारे संस्थेचे नाव मोठ्या ब्राउझरांनी २०१९ मध्ये काढून टाकले, आणि त्याचबरोबर अधिक पैसे मोजण्याचे सामान्य संकेतस्थळापुरते मुख्य कारणही संपले.

पत्त्यांच्या कोंडीवरचा तिसरा मार्ग मुळावरच घाव घालणारा होता. २००३ च्या जूनमध्ये आरएफसी ३५४६ ने टीएलएसला काही जोड दिल्या, त्यांतील एसएनआय या जोडीनुसार ब्राउझर हस्तांदोलनाच्या, म्हणजे जोडणी जुळवण्याच्या, पहिल्याच संदेशात हवे ते नाव उघडपणे सांगतो आणि सर्व्हर त्याप्रमाणे योग्य प्रमाणपत्र निवडतो. एका पत्त्यावर हजार नावे आणि प्रत्येकाचे स्वतंत्र प्रमाणपत्र, ही व्यवस्था त्यामुळे शक्य झाली. पण ती प्रत्यक्षात यायला दशक लागले, कारण दोन्ही बाजूंना ही जोड समजणे आवश्यक होते. टीएलएससाठी वापरल्या जाणाऱ्या ओपनएसएसएल या आज्ञावलीत ती २००७ मध्ये आणि अपाची सर्व्हरच्या स्थिर आवृत्तीत २००९ मध्ये आली, मात्र विंडोज एक्सपीवरील इंटरनेट एक्सप्लोररला ती शेवटपर्यंत कळली नाही. एक्सपी वापरणारा ग्राहक गमावण्याची तयारी असल्याशिवाय व्यापारी संकेतस्थळांना एसएनआयवर विसंबणे शक्य नव्हते, आणि म्हणूनच तारांकित व बहुनामी प्रमाणपत्रांची मागणी याच काळात वाढली. दरम्यान २०११ च्या ३ फेब्रुवारीला पत्त्यांच्या जागतिक साठ्यातील शेवटचे पाच गट वाटून संपले, आणि त्याच वर्षीच्या एप्रिलमध्ये भारताचा समावेश असलेल्या आशिया-प्रशांत विभागाच्या मुक्त वाटपाचा साठाही आटला. २०१४ च्या एप्रिलमध्ये मायक्रोसॉफ्टने एक्सपीचा सांभाळ थांबवला, तेव्हा कुठे एसएनआयच्या मार्गातील मोठा अडसर दूर होऊ लागला.

त्याच महिन्यात, एक्सपीचा सांभाळ थांबण्याच्या एक दिवस आधी, एकाच किल्लीवर अनेक नावे ठेवण्याची दुसरी बाजू उजेडात आली. ७ एप्रिल २०१४ रोजी जाहीर झालेल्या हार्टब्लीड या ओपनएसएसएलमधील दोषामुळे सर्व्हरच्या स्मृतीतील मजकूर, त्यात खासगी किल्लीसुद्धा, बाहेरच्याला वाचता येत होता. ज्या संस्थेने एकच तारांकित प्रमाणपत्र आणि त्याची एकच किल्ली वीस यंत्रांवर ठेवली होती, तिच्या दृष्टीने एका यंत्रातील गळती वीसही यंत्रांची गळती होती, मग उरलेली एकोणीस यंत्रे कितीही नीट राखलेली असोत. तारकेने वाचवलेले पैसे असे जोखमीच्या रूपाने दुसऱ्या खात्यावर चढत होते.

तारकेचे सामर्थ्य शत्रूच्या हाती पडल्यास काय घडते, हे त्याआधी २०११ मध्येच दिसले होते. डिजिनोटार या नेदरलँड्समधील प्रमाणन संस्थेत शिरकाव करून हल्लेखोरांनी गूगलच्या डोमेनसाठी तारांकित प्रमाणपत्र बनवून घेतले, आणि त्या एका दाखल्याच्या आधारे इराणमधील वापरकर्त्यांचे गूगलशी होणारे व्यवहार वाटेतच वाचले गेले. त्याच वर्षीच्या सप्टेंबरात डिजिनोटारचे दिवाळे निघाले. भारतालाही असा अनुभव आला. माहिती तंत्रज्ञान कायदा, २००० नुसार प्रमाणन प्राधिकरणांचे नियंत्रक हे पद निर्माण झाले असून, त्यांच्या मूळ प्रमाणपत्राखाली, म्हणजे खालच्या प्रमाणन संस्थांना मान्यता देणाऱ्या प्रमाणपत्राखाली, काम करणाऱ्या राष्ट्रीय सूचना केंद्राच्या, म्हणजे एनआयसीच्या, यंत्रणेतून गूगलच्या डोमेनांची अनधिकृत प्रमाणपत्रे दिली गेल्याचे २०१४ च्या जुलैमध्ये उघड झाले. ती प्रमाणपत्रे रद्द झाली, परंतु गूगलने त्यापुढे जाऊन आपल्या ब्राउझरपुरती या भारतीय मूळ प्रमाणपत्राची सत्ता ‘.गव्ह.इन’, ‘.एनआयसी.इन’, ‘.एसी.इन’ अशा मोजक्या नामक्षेत्रांपुरती सीमित केली. प्रमाणपत्रात कोणती नावे असावीत, या प्रश्नाला स्वाक्षरी करणाऱ्याच्या अधिकारात कोणती नावे असावीत, या आणखी वरच्या प्रश्नाची जोड अशा प्रकारे मिळाली.

या घटनांवरचा दीर्घकालीन उपाय म्हणून दिलेले प्रत्येक प्रमाणपत्र सार्वजनिक खात्यात नोंदवण्याची पद्धत पुढे आली. २०१३ मध्ये आरएफसी ६९६२ ने तिचा आराखडा दिला आणि २०१८ च्या एप्रिलअखेरीनंतर दिलेल्या सर्व प्रमाणपत्रांसाठी क्रोम ब्राउझरने ही नोंद सक्तीची केली. या पारदर्शकतेचा निवडीवर एक अनपेक्षित परिणाम झाला. बहुनामी प्रमाणपत्रातील सारी यादी आता कोणालाही वाचता येत असल्याने ‘चाचणी.अमुक.कॉम’ किंवा अद्याप जाहीर न झालेल्या उपक्रमाचे नाव त्यात घालणे म्हणजे ते जगजाहीर करणे ठरू लागले. तारांकित प्रमाणपत्रातून मात्र एवढेच कळते की तारकेमागे काहीतरी आहे. पैशांच्या टंचाईतून लोकप्रिय झालेल्या प्रकाराला गोपनीयतेचे नवे समर्थन मिळाले.

पैशांची टंचाईही याच सुमारास ओसरली. २०१४ च्या सप्टेंबरअखेरीस क्लाउडफ्लेअर कंपनीने आपल्या सुमारे वीस लाख ग्राहक-संकेतस्थळांना विनामूल्य प्रमाणपत्रे देण्यास सुरुवात केली. त्यांत एकमेकांना न ओळखणाऱ्या अनेक ग्राहकांची नावे एकाच बहुनामी दाखल्यात नांदत. त्यानंतर मोझिला, इलेक्ट्रॉनिक फ्रंटियर फाउंडेशन आणि मिशिगन विद्यापीठातील मंडळींच्या पुढाकारातून उभ्या राहिलेल्या लेट्स एन्क्रिप्ट या ना-नफा प्रमाणन संस्थेने २०१५ च्या सप्टेंबरात पहिले प्रमाणपत्र दिले आणि डिसेंबरपासून ते सर्वांना खुले केले. नव्वद दिवसांची मुदत, एका प्रमाणपत्रात कमाल शंभर नावे आणि सर्व काम माणसाच्या मदतीशिवाय करणारी आज्ञावली, ही तिची वैशिष्ट्ये होती. १३ मार्च २०१८ पासून तिने तारांकित प्रमाणपत्रेही विनामूल्य दिली, मात्र त्यासाठी अर्जदाराने डोमेनच्या नोंदींत, म्हणजे डीएनएसमध्ये, सांगितलेली खूण ठेवून ताबा सिद्ध करण्याची अट घातली. एका संकेतस्थळावर फाइल ठेवता येते एवढ्यावरून त्या नामक्षेत्रातील सर्व नावांवर हक्क असल्याचे ठरत नाही, हे तत्त्व त्यामागे होते. ज्या यंत्रावर ही खूण ठेवण्याचे अधिकार द्यावे लागतात, ते यंत्र साहजिकच संस्थेच्या संपूर्ण नामक्षेत्राचे कळीचे ठिकाण बनते.

मराठी संस्थांच्या संदर्भात निवडीला आणखी एक पदर आहे. २०१४ च्या ऑगस्टमध्ये देवनागरीतील ‘.भारत’ हे प्रत्यय-नाव खुले झाले आणि मराठी व कोकणीसह देवनागरीत लिहिल्या जाणाऱ्या भाषांतून डोमेन घेण्याची सोय झाली. प्रमाणपत्राच्या रकान्यात देवनागरी अक्षरे थेट बसत नाहीत. २००३ मध्ये ठरलेल्या प्युनीकोड या पद्धतीने त्यांचे रोमन अक्षरे व अंक यांत रूपांतर करून ती लिहिली जातात. ज्या संस्थेजवळ ‘.इन’ आणि ‘.भारत’ अशी दोन्ही नावे आहेत, तिला एकच तारका पुरत नाही, कारण दोन नावांचे मूळच वेगळे आहे. तिला दोन्ही नावांची यादी असलेले बहुनामी प्रमाणपत्र किंवा दोन स्वतंत्र प्रमाणपत्रे यांतूनच निवड करावी लागते.

२०१७ मध्ये क्रोमच्या ५८ व्या आवृत्तीने ‘कॉमन नेम’चा रकाना नावाच्या तुलनेसाठी पाहणेच सोडून दिले, आणि एकनामी प्रमाणपत्रातसुद्धा नाव सॅन रकान्यात लिहिणे भाग पडले, त्यामुळे तंत्राच्या दृष्टीने आज प्रत्येक प्रमाणपत्र सॅन प्रमाणपत्रच आहे. २०२१ मध्ये संशोधकांनी अल्पाका या हल्ल्याचे वर्णन केले : एकच प्रमाणपत्र वेब आणि फाइल-वहन किंवा ईमेल अशा निरनिराळ्या सेवांवर वापरलेले असेल, तर एका सेवेकडे निघालेली मागणी दुसरीकडे वळवूनही ब्राउझरला संशय येत नाही. अमेरिकेच्या राष्ट्रीय सुरक्षा संस्थेने त्याच वर्षीच्या ऑक्टोबरात सूचनापत्र काढून तारांकित प्रमाणपत्रांचा वापर आखीव मर्यादेत ठेवण्याचा सल्ला दिला.

या साऱ्या वाटचालीत प्रमाणपत्राची मुदत मात्र सतत आखडत गेली आहे. २०१२ मध्ये तिची कमाल मर्यादा पाच वर्षांची होती, २०१८ मध्ये ती ८२५ दिवसांवर आणि २०२० मध्ये ३९८ दिवसांवर आली, आणि सीए/ब्राउझर फोरमने २०२५ च्या एप्रिलमध्ये संमत केलेल्या ठरावानुसार ती टप्प्याटप्प्याने उतरून १५ मार्च २०२९ पासून ४७ दिवसांची होणार आहे. वर्षातून सात-आठ वेळा होणारे नूतनीकरण हाताने करणे व्यवहार्य नाही, आणि एकदा ते यंत्राकडे सोपवले की दहा प्रमाणपत्रे सांभाळण्याचे श्रम एकाहून फारसे अधिक उरत नाहीत. मनुष्यबळ वाचवण्यासाठी नावे एकत्र बांधण्याचे कारण त्यामुळे दुबळे होते. पत्ते आणि पैसे वाचवण्याची कारणे आधीच गेलेली आहेत. म्हणून जी नावे एकाच यंत्रावर, एकाच चमूच्या ताब्यात आणि एकाच सेवेसाठी आहेत, त्यांनी एका प्रमाणपत्रात राहण्यास हरकत नाही. ग्राहकांसाठी रोज नवी उपडोमेने निर्माण करणाऱ्या किंवा आतली नावे झाकून ठेवू इच्छिणाऱ्या संस्थेला तारकेचा आधार आजही रास्त आहे. आणि ज्यांचे यंत्र, चमू किंवा सेवा भिन्न आहे, त्या नावांची किल्लीही भिन्न असणे इष्ट आहे. नावे किती आहेत, या मोजणीवर तीस वर्षे आधारलेली ही निवड आता किल्ली कोणाच्या हाती आहे आणि ती फुटली तर कोणाकोणाला झळ पोहोचेल, या हिशेबावर करावी लागते.